चौथ्याची जागा

१८ ऑगस्ट, जुळे सोलापूर

पोचलो एकदाचे! कुर्डुवाडीहून निघताना आईनं गाडीत इतकं सामान कोंबलं की मागच्या काचेतून रस्त्याऐवजी लोणच्याची बरणी दिसत होती. लग्नाला दोन वर्षं झाली. मी तिकडं, मंजुनाथ इकडं, आणि मधे रेल्वे. बियाण्यांच्या कंपनीनं शेवटी सोलापूरला बदली दिली, वर गाडीसाठी भत्ताही. गाडी माझी, नवी कोरी, पांढरी. मंजूला चालवायला देते, पण उपकार म्हणून.

सासूबाईंना इथं अत्ती म्हणतात. नाव ईरम्मा. निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रागावल्या की सगळं कानडी. दारात भाकरतुकडा ओवाळताना म्हणाल्या, आता घर भरलं. मला उगाच भरून आलं.

माझे वडील, अप्पा, रेल्वेत गार्ड होते, रोज नोंदी ठेवायचे; माझं लिहिण्याचं वेड त्यांचंच. ही वही त्यांनीच दिली. जे घडेल ते त्याच दिवशी लिही म्हणाले, दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या सोयीनं आठवतो.

२४ ऑगस्ट

काल सात रस्ता चौकात सिग्नलवर उभी होते. उभी! मागून एक मोटारसायकलवाला येऊन आदळला आणि वर मलाच म्हणतो, मॅडम रिव्हर्स का घेतली? दोन मिनिटांत पंधरा माणसं गोळा. बाई चालवतीय म्हटल्यावर निकाल आधीच लागलेला. एका आजोबांनी तर, "लेकी, सवय नसंल तर चालवू नाय की," असा मायेनं सल्ला दिला. डोक्यात तिडीक गेली नुसती.

आज डॅशकॅम बसवून आणला. एक डोळा रस्त्याकडं, एक गाडीच्या आत. आवाजही टिपतो. जुनं पुसून त्यावर नवं भरत जातो, पण जोराचा ब्रेक लागला की तेवढा तुकडा कुलूपबंद ठेवतो आणि मोबाईलवर पाठवतो. पुरावा असला की लोकांची तोंडं बंद. रात्री झोपसुद्धा छान लागेल आता.

अत्तींनी कॅमेऱ्याला विभूती लावली. नेमकी काचेवर. पहिला तासभर धुकंच रेकॉर्ड झालं.

३१ ऑगस्ट

मंजूच्या चुलतभावासाठी, शिवानंदसाठी, मंगळवेढ्याचं स्थळ आलंय. आधी घर बघून यावं म्हणून आम्ही तिघं निघालो. बेगमपूर ओलांडलं आणि अत्तींना एकदम आठवलं की आपण तिघंच आहोत. सोयरिकीला तिघांनी जायचं नसतं, चौथा म्हणून एक दगड तरी बरोबर घ्यायचा. "थांबीव गाडी," म्हणाल्या. मला उशीर होत होता, ऊन मी म्हणत होतं, आणि असल्या गोष्टींचा मला आधीच कंटाळा. पण थांबवली.

रस्त्याकडेला आठ-दहा दगड ओळीनं लावलेले होते. बंद पडलेल्या गाडीभोवती ड्रायव्हर लोक लावतात ना, तसले. नारळाएवढा एक उचलला. एका बाजूला ऑइलचा काळा डाग होता. मागचं डावं दार उघडून अत्तींच्या शेजारी ठेवला आणि हात जोडून म्हटलं, या पाव्हणं, बसा ऐसपैस, आजपासून आमच्यातले चौथे तुमीच. मंजू इतका हसला की ठसका लागला. अत्ती हसल्या नाहीत. असं बोलायचं नसतं म्हणाल्या.

स्थळ उत्तम आहे. मुलगी, दानेश्वरी, धिटुकली आहे, मला आवडली. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन तट्ट झालो. परत येताना अत्तींनी विचारलं, दगड मान देऊन खाली ठेवलास ना? काम झालं की त्याला उतरवावं लागतं. मी साफ विसरले होते. पण पुन्हा व्याख्यान नको म्हणून म्हटलं, हो, लिंबाखाली ठेवला.

घरी आल्यावर गुपचूप शोधला. सीटखाली, डिकीत, कुठंच नाही.

४ सप्टेंबर

गाडी टिंगटिंग करते. मागच्या डाव्या सीटवर माणूस बसलंय आणि पट्टा लावला नाही, असं तिचं म्हणणं. मागं कुणी नाही. मोहोळपर्यंत आणि परत, टिंग टिंग टिंग. कानाचं भजं झालं.

६ सप्टेंबर

सर्व्हिस सेंटरवाल्यानं सीट तपासली. सेन्सर चांगला आहे म्हणे. मग मंजूनं युक्ती सांगितली, रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाक. लावला. आवाज बंद! एवढंच होतं की.

११ सप्टेंबर

आज अक्कलकोट रस्त्याला म्हैस आडवी आली, कचकन ब्रेक दाबला. घरी येऊन मोबाईलवर तो तुकडा पाहिला. म्हशीचा दोष स्वच्छ दिसतो. पण आतल्या डोळ्यानं टिपलेलं पाहिलं आणि चहा तसाच राहिला.

मागचा पट्टा सीटला चिकटलेला नाही. पुढं फुगलाय. खांद्यापाशी गोल, छातीवर आडवा, पोटापाशी पुन्हा गोल. आत कुणी नाही, सीटचं कापड दिसतं. पण पट्टा एका पुऱ्या माणसाभोवती बसावा तसा बसलाय. ब्रेक लागल्यावर तो पुढं ताणला गेला, आणि मग हळूच मागं टेकला.

मंजूला दाखवलं. भिंगामुळं असं वाकडं दिसतं म्हणाला. मी म्हटलं, मग उजवीकडचा पट्टा का सरळ आहे? तो जेवण गरम करू का, असं विचारून आत गेला.

२२ सप्टेंबर

दिवस गेलेत. आठ आठवडे!

माझी तारीख कायमच मागंपुढं, त्यात बदलीची धावपळ, लक्षातच आलं नाही. मंजू वेड्यासारखा घरभर फिरला. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. दोन वर्षं वाट पाहिली होती, कुणाला दाखवलं नव्हतं इतकंच. मी खूप, खूप खूश आहे.

अत्तींनी साखर भरवली. मग बोटांवर आठवडे मोजले. मोजता मोजता थांबल्या. मंगळवेढ्याला गेलो तेव्हा तू पोटुशी होतीस, म्हणाल्या. म्हणजे आपण चौघं होतो. दगडाची गरजच नव्हती.

मग क्षणभरानं विचारलं, उतरवला होतास ना गं त्याला?

मी खरं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं "यव्वा" म्हणून खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ सप्टेंबर

अत्तींना घेऊन त्या जागी गेले. नारळ, हळदकुंकू, सगळं घेऊन. दगडच नाही तर उतरवायचं काय? तरी अत्तींनी मागचं दार उघडून हात जोडले, विनवलं, उतरा म्हणाल्या, चुकलं पोरीचं.

समोर चहाची टपरी आहे. मालक महिपती. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. जुलैत हितं एकाचा टेम्पो बंद पडला. त्यानंच दगडं लावली आणि दगडांमधीच बसून राहिला. चार तास हात करत होता. "कुणी गाडीत घेतलं न्हाय बघा. आमीबी टपरी झाकून गेलो. अंधारात ट्रकनं उडविला." कुठला होता ते न्हाय कळलं, घरचं कुणी आलं न्हाय म्हणाला.

तो डाग ऑइलचा नव्हता.

परत येताना मागचा पट्टा मुद्दाम सोडून ठेवला होता. गाडी वाजायला लागली. अत्तींनी तीस किलोमीटर मान वळवली नाही.

३ ऑक्टोबर

गाडी विकू म्हटलं तर मंजू म्हणतो, हप्ते सुरू आहेत, कंपनीला काय सांगशील? अत्ती म्हणतात, विकून काय उपयोग. गाडीत नाही बोलावलंस त्याला. आमच्यातला म्हणालीस.

पट्टा पुन्हा लावलाय. गाडी वाजत राहिली की मला विचार करता येत नाही.

१२ ऑक्टोबर

रोज रेकॉर्डिंग बघते. बघू नये कळतं, तरी बघते. पुराव्यासाठी घेतला होता ना, मग घ्या आता पुरावा.

फुगवटा लहान होतोय. आधी पुरा गडी होता. या आठवड्यात खांद्याचा गोल खाली आलाय, बारा-तेरा वर्षांच्या पोराइतका. मंजूला दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून दाखवले. या वेळी तो भिंगाचं बोलला नाही. देव्हाऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. अत्ती म्हणाल्या, कमी होतोय म्हणजे जातोय. मी पण तसंच धरून चाललेय.

२३ ऑक्टोबर

बालवाडीतल्या लेकराएवढा.

२ नोव्हेंबर

गेला! पट्टा सपाट. काढून पाहिला, गाडी वाजली नाही. गावभर फिरले, एकदाही नाही! घरी येऊन अत्तींना मिठी मारली. त्यांनी सिद्धेश्वराला अभिषेक बोलला होता, उद्याच करायचा म्हणाल्या. आज पोटभर जेवले, मंजूशी भांडले, झोप काढली. चौदावा आठवडा लागलाय. माझं बाळ, माझं, दुसऱ्या कुणाचा विचार नाही आता.

७ डिसेंबर

आज बाळ हललं. पहिल्यांदा. हळू नाही, चांगली ढुशी दिली. मंजूनं हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला आनंदच झाला. झालाच. फक्त एक, ते गाडीतच हललं. ब्रेक दाबल्यावर. पुढं ताणलं गेलं, आणि मग हळूच मागं टेकलं.

१४ डिसेंबर

सोनोग्राफी. सगळं व्यवस्थित, ठोके दणदणीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ सध्या बसलेलं आहे, फिरेल पुढं. "ऐटीत बसलंय बघा."

मी पाहिलं. मांडी घालून बसलंय. नाळ खांद्यावरून छातीवर आडवी. डॉक्टरबाईंना विचारलं तर हसल्या, असते हो तशी पुष्कळांची. अत्तींनी पडद्याकडं एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर काहीतरी कानडीत पुटपुटत राहिल्या. मी अर्थ विचारला नाही. विचारायची हिंमत —

१७ डिसेंबर

लहान होत होता तो जाण्यासाठी नव्हे. मावण्यासाठी.

मंजूला सांगितलं. त्यानं माझे हात धरले आणि म्हणाला, आरोही, बाळ आहे ते, आपलं बाळ. आज तो बेंगळुरूला गेला, चार दिवस. जाताना पोटाला हात लावून "येतो रे" म्हणाला. मला सहन झालं नाही.

हा आत आहे. मग जे आधी होतं ते? माझं? ऑगस्टपासून माझं होतं ते कुठं —

२० डिसेंबर

आतला रात्रंदिवस स्वस्थ. फक्त गाडीकडं जायला निघाले की लाथा. आधी गाडीत खूश असायचा. आता गाडीची किल्ली हातात घेऊ देत नाही.

का?

२१ डिसेंबर, दुपार

सकाळी गेले. लाथा खात गेले. होटगी रोडपर्यंतच. कुत्रं आडवं आलं, ब्रेक — घरी आले, गाडी लॉक केली, वर आले. आता मोबाईलवर तो तुकडा आला. तीनदा पाहिला. त्याच दिवशी लिहायचं, अप्पा. लिहिते.

मागची डावी सीट. पट्टा सोडलेला. कुणी नाही. पण सीटच्या कापडावर खळगा आहे. माझ्या तळहाताएवढा. इतक्या हलक्याला गाडी वाजत नाही. म्हणून कळलं नाही मला. किती दिवस —

आवाज वाढवून ऐकलं. उचकी. बारीक. थोडं थांबून पुन्हा उचकी.

मग ब्रेक. खळगा पुढं सरकला. सीटवरून गेला. खाली काहीतरी पडल्याचा, मऊ —

पडलं. माझं पडलं. त्याला पट्टा कुणी लावला नाही.

उचकी थांबली नाही. अजून येतेय, तुकडा संपेपर्यंत येतेय. खाली गाडी उन्हात उभी आहे. काचा बंद. मी स्वतः लॉक केली.

अत्ती देवळात. किल्ली घेतली. आतला लाथा मारतोय, उभं राहू देत नाही, भिंत धरून — मारू दे. माझ्या बाळाची जागा ह्यानं घेतली. माझं खाली एकटं आहे, वाट बघतंय, कुणी गाडीत — कुणी गाडीतून घेत नाही त्याला — आले रे, आई आली, दार उघडते, दोन जिने फक्त, आले —