सईचं जुनं कॉलेज

१२ एप्रिल
सईचा फोन आला तेव्हा मेडनहेडच्या प्लॅटफॉर्मवर होते. दिवसभर जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून डोकं उठलेलं, त्यात घरी रीडिंगला जायची ट्रेन लेट. सई म्हणाली, अमेरिकेतलं कॉलेज सोडतेय. तिथल्या टीमकडून बास्केटबॉल खेळते, सगळं छान चाललेलं. आता दुसऱ्या राज्यातलं एक मोठं कॉलेज जास्त पैसे देतंय. हल्ली अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना उघड पैसे मिळतात आणि टीमही सहज बदलता येते. सईचा जन्म न्यू जर्सीतला, पासपोर्ट तिकडचा. इथून इंग्लंडमधून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या इतर मुलींना ते पैसे घेणं अवघड.
बाप म्हणून नितीन खूश. म्हणे, मी नाही का कंपन्या बदलल्या? कुणी रडलं का?
मी रडले थोडी. बाथरूममध्ये.

१३ एप्रिल
वॉल्टरला बातम्यांतून कळायला नको. कॉलेजच्या गावातला रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर, बायको वारलेली, टीमची एकही मॅच चुकवत नाही. पहिल्या थंडीत सई तापानं पडली तेव्हा हॉस्टेलवर सूप घेऊन गेला तो हाच. मी तिकडे गेले तर विमानतळावर न्यायला आला. ‘आमची सई’ म्हणायचा. परक्या गावात आपल्या लेकीला कुणी असं म्हणावं, केवढा आधार.
मेसेज टाकला. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

२० एप्रिल
टीमच्या फॅन्सचा ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात मी अजून आहे. ‘सईची आई’ म्हणून त्यांनीच घेतलेलं. आज सईची जर्सी बार्बेक्यूवर जळतानाचा व्हिडिओ. मागे लहान मुलं हसतायत. खाली एका बाईनं लिहिलंय, विकली गेली. हिनं माझ्याकडून पुरणपोळीची रेसिपी घेतली होती.
लाइक करणाऱ्यांत वॉल्टर.
ग्रुप सोडायला हवा. पण मग काय चाललंय ते कळणार कसं?

२९ जून
सई घरी आलीय. सकाळी मी जुन्या टीमची हुडी घालून चहा करत होते. सवयीनं. ती बघत राहिली.
‘मम्मा, ते माझा जॉब आहे आता. तू फॅनसारखी नको ना बोलू.’
मी तर काहीच बोलले नव्हते. खरं म्हणजे मला ती टीम अजून आवडते. हे कुणाला सांगणार? हुडी काढून धुवायला टाकली.

१८ सप्टें.
नव्या सीझनचं वेळापत्रक आलं. ७ डिसेंबर, सईच्या नव्या टीमची मॅच जुन्या कॉलेजात. त्यांच्याच कोर्टवर.
ग्रुपमध्ये दिवसभर हसण्याच्या खुणा. कुणी लिहिलं, ये बाळ घरी. खाली शेकडो जण तेच लिहितायत. ये बाळ घरी, ये बाळ घरी. कामावर लक्ष लागेना. एका पेशंटला चुकीच्या डॉक्टरांकडे बसवलं.

९ नोव्हें.
सईच्या नव्या फ्लॅटच्या दाराचा फोटो ग्रुपवर. बाहेर तिचे बूट. थोड्या वेळात काढून टाकला, पण मी पाहिला. म्हणजे कुणीतरी एवढ्या लांब गाडी हाकत गेलं, दारापर्यंत जाऊन परत आलं.
सईला लगेच कळवलं. तिनं कोचला सांगितलं, कॉलेजनं तिला दुसरीकडे हलवलं. ती म्हणते, असं सगळ्यांचंच होतं. आवाज मात्र बारीक.
दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळातली सुनीता म्हणाली, अगं, ती तर सेलिब्रिटी झाली. मी हो म्हटलं.

२६ नोव्हें.
इतक्या महिन्यांनी वॉल्टरचा मेसेज. एकच ओळ. ‘सईला सांग, त्या दिवशी आजारी पड.’
नितीन म्हणतो, ही सरळ धमकी आहे, पोलिसांत दे. मला तसं वाटत नाही. किंवा वाटतं. सूप नेणारा माणूस तो.

२७ नोव्हें.
लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून वॉल्टरला फोन केला. उचलला. हवापाण्याचं बोलला, गुडघ्याचं बोलला. मग मीच विचारलं, तुम्ही मला घाबरवताय की सावध करताय?
तो म्हणाला,
‘मेधा, मी त्यांच्यात बसतो. ते काय बोलतात ते मला ऐकू येतं.’
‘आणि तुम्ही काय बोलता?’
त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

३० नोव्हें.
सईला सगळं सांगितलं, मेसेजही पाठवला. तिकडच्या पोलिसांना कळवलंय, बंदोबस्त वाढवणार. कोच म्हणाली, नाही खेळलीस तरी चालेल. नितीनसुद्धा म्हणाला, नको खेळू बाळा. तो पहिल्यांदाच असं बोलला.
सई: ‘मी नाही गेले तर दरवेळी नाही जाणार. दे विल नो, मी घाबरले.’
कुणाला अडवणार? आम्ही दोघं चोवीस तास विमानाची तिकिटं बघतोय. तिनं बजावलंय, येऊ नका, तुम्हाला पण सांभाळायला लागेल मला.

७ डिसें.
सकाळपासून पाऊस. भात लावला, खाल्ला नाही. नितीननं लॅपटॉप टीव्हीला जोडलाय.
संध्याकाळी सईचा फोन, बसमधून. बस जुन्या कॉलेजच्या आवारात शिरली होती. मागून आवाज येत होता, गाण्यासारखा. शब्द कळले नाहीत, कळून घ्यायचेही नव्हते. म्हणाली, पोलीस आहेत, आम्हाला मागच्या दारानं नेतायत. मग एकदम,
‘मम्मा, वॉल्टर आहे. त्या मागच्या दाराजवळ एकटा उभा आहे. मला हात करतोय.’
‘हातात काही आहे?’
‘दिसत नाही. कोट आहे ना मोठी.’
नितीन पुढ्यात येऊन मानेनं नाही, नाही म्हणत होता.
‘मी जाऊ त्याच्याकडे? दोन मिनिट फक्त. तो रडतोय, आय थिंक.’
मी म्हटलं, टीमबरोबर आत जा. थांबू नकोस. त्याच्याकडे बघू नकोस.
बसचं दार उघडल्याचा आवाज आला, बाहेरचा गोंगाट एकदम मोठा झाला आणि फोन बंद.
टीव्हीवर अजून नुसतं रिकामं कोर्ट दाखवतायत. नितीन तिकडच्या पोलिसांचा नंबर लावतोय. लागत नाहीये.