घर कुणाच्या नावानं

पौष शु. ३
घर ठरलं. अंबडातच, शाळेच्या मागं. दोन खोल्या, पुढं ओटा. पाटल्या मोडल्या, मोडू द्या. अकरा वर्षं दादाच्या घरी वहिनीच्या तोंडाकडं बघून जेवले. वर्गात पाढे घेताना दोनदा चुकले, पोरी हसल्या.

पौष शु. ५
दादासंग कचेरीत गेल्ते. कागद लिहिणारा अर्जनवीस उर्दूत लिहून राह्यला, मला ती वाचता येत न्हाई. मला म्हणे, "मालकाचं नाव बोला." जीभच उचलंना. वाटूरच्या माणसाचं नाव कधी तोंडून काढलं न्हाई, त्यानं दुसरी करून मला टाकली तरी न्हाई. शेवटी दादानं त्याचं नाव सांगितलं. त्याला परतायची घाई. बोट दाखवलं तिथं मी मराठीत सही केली.

पौष शु. ११
राहायला आले. पहिली भाकरी करपली. कुणी बोललं न्हाई. किती बरं वाटलं.

पौष व. २
शेजारच्या फातिमाबीला कागद दाखवला. तिनं दोनदा वाचला. "बाई, मकान तो तुम्हारे मियां के नाम पे है. तुम तो गवाह हो."
माझ्या घराची मी साक्षीदार. अर्जनवीसानं घराचा मालक पुसला, मी नवरा समजले.

पौष व. ४
दादा म्हणतो, "नवऱ्याचंच नाव हाय ना, परक्याचं थोडंच? बदलायचं तर त्यालाच कचेरीत आणावं लागंल."
म्हणजे वाटूरला जाऊन हात जोडायचे. मेले तरी जाणार न्हाई. दादाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. माझ्या आयुष्याचं कुणी काही बोललं न्हाई.

पौष व. ८
अर्जनवीसाकडं एकटी गेले. "मालिक को लाओ." म्हटलं, मालकीण मीच. हसला अन् दुसऱ्याचा कागद ओढला.
मंग कळलं, दादानं वाटूरला निरोप धाडला. मला न विचारता. "गोडीनं मिटंल," म्हणे.

पौष व. १२
वाटूरचा आला. ट्रंक घेऊन आला. ओट्यावर बसला, भिंतीवरून हात फिरवला. म्हणे, "घर बरं घेतलं मी." पाणी मागितलं.
मी आतून कडी लावली.
फातिमाबी मागच्या खिडकीशी येऊन पुसून गेली, जेवण धाडू का. नको म्हटलं. दिवस कलला, तो बसूनच आहे. उद्या शाळा. जायचं तर कडी मलाच काढावी लागंल.