समुद्रावर मुलं सांभाळण्याची माझी पद्धत

११ जुलै, संध्याकाळ. महल्ला शहर, घरी.
उद्या सकाळी रास-अल-बर. सात दिवस समुद्र. बायकोच्या मते सुट्टी, माझ्या मते जबाबदारी. दुहा नऊ वर्षांची, हातिम पाचचा. दोघांना जसं नेलं तसं परत आणायचं, बाकी काही नाही. लोक सहलीला निघताना डोकं घरी ठेवून निघतात. मी एकवीस वर्षं गिरणीच्या भांडारात तपासनीस आहे. माणूस नुसता चालत आला तरी सांगतो, सूत कुठे लपवलंय. (तीनदा चुकलो. त्यातला एक मॅनेजर होता.)

सामान: घरी उकळलेलं पाणी, चार कॅन. थर्मामीटर दोन, कारण एकावर विश्वास काय ठेवायचा. ओआरएस. दुर्बीण. नायलॉनची दोरी. उकडलेली अंडी, तीस. बाहेरचं अन्न बंद. उम्म हातिम म्हणाली, अहो, आपण समुद्रावर चाललोय की वेढ्यात अडकायला? अंडी पुन्हा मोजली.

(बायकोला या वहीतही उम्म हातिमच, म्हणजे हातिमची आई, म्हणणार. घरच्या बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत, आणि वही कुणाच्याही हाती लागू शकते.)

१२ जुलै, सकाळी ९. मायक्रोबसमध्ये.
ड्रायव्हर एका हाताने भोपळ्याच्या बिया सोलून खातोय. म्हणजे गाडी एकाच हातावर. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, उस्ताद, या इकडे, तुम्ही चालवा, मी मागे बसून ओरडतो. सगळी गाडी हसली. हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवलेत.

मुलांना मुद्दाम जुने कपडे घातलेत. हातिमच्या सदऱ्याला कोपरावर भोक आहे. गोरंगोमटं पोर, नजर लागायला किती वेळ? शिवाय गरिबाचं पोर कोण पळवतंय.

दुपारी २.
फ्लॅट ठीक. बाल्कनीच्या कठड्यात हातिमचं डोकं अडकू शकतं का हे तपासायला माझं घातलं. अडकत नाही, पण निघायला वेळ लागतो. उम्म हातिमने साबण लावला.

खालच्या मजल्यावरची बाई लगेच खीर घेऊन आली. ओळख ना पाळख. मुलांनो, खा रे, म्हणते, लाजू नका. आल्या दिवशी खीर? खीर फ्रीजमध्ये ठेवली. सावधगिरी म्हणून जिन्यातल्या मांजरीला दोन चमचे घातली. निरीक्षण चालू.

१३ जुलै, दुपार. समुद्रावर.
गर्दी. छत्रीला छत्री लागलेली. हातिमच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक छत्रीच्या दांड्याला बांधलं. दहा हात लांब, पाण्यापर्यंत पोचत नाही. उत्तम व्यवस्था. शेजारच्या छत्रीतला लठ्ठ गृहस्थ म्हणाला, अहो उस्ताद, बकरीला चारा घातलात का? त्याचाही चेहरा लक्षात ठेवला.

मुख्य संशयित मात्र सापडला. फ्रेस्का विकणारा. पापडासारख्या दोन चकत्या, मधे मध आणि तीळ. काचेची पेटी खांद्यावर. लोक त्याला बय्यूमी काका म्हणतात. प्रत्येक पोराचं नाव याला पाठ! कशाला? दुहाला म्हणाला, काय ग राजकन्ये, बाबा घेऊन देत नाहीत का? हातिमच्या गालाला हात लावला. नंतर हातिमचे गाल डेटॉलने पुसले.

संध्याकाळ.
मुलांचा वर्ग घेतला. नियम तीन. अनोळखी माणसाने काहीही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. आपलं नाव सांगायचं नाही. आईचं नाव तर मुळीच नाही. मग बय्यूमीची ओळख घोकून घेतली. डाव्या गालावर मस, समोरचा एक दात नाही, पांढरी टोपी, उजवा पाय जरा ओढत चालतो. हातिमकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. दहाव्या वेळी स्वतःहून म्हणाला, आणि बाबा, तो हसला की डोळे बंद होतात. पोराला निरीक्षणशक्ती आहे. माझ्यावर गेलाय.

१४ जुलै.
हातिमला पहाटेपासून उलट्या. दुहाला जुलाब. मांजर ठणठणीत. तरीही खिरीवरचा संशय उठवता येत नाही, कारण खीर आणि अंडी एकाच फ्रीजमध्ये होती. वास पसरतो. उम्म हातिम म्हणाली, अंडी काल दिवसभर उन्हात पिशवीत होती, तुमच्याच डोक्याखाली. मी म्हणालो, घरची अंडी आहेत, ती असं करणार नाहीत. तिने उरलेली सगळी कचऱ्यात टाकली.

खालच्या बाईने लिंबू, भात आणि शिजवलेला बटाटा पाठवला. उम्म हातिमने मला न विचारता मुलांना भरवला. दुपारी दोघं उठून बसली. योगायोग.

१५ जुलै.
मुलं बरी. माझ्या ओआरएसचा परिणाम. (पाकीट फोडलं नव्हतं, पण घरात होतं.)

दिवसभर दुर्बीण घेऊन बय्यूमीवर लक्ष. वहीत नोंद: ११:१० पिवळा फ्रॉक, मुलगी, फुकट दिलं. ११:२५ दोन जुळी मुलं, डोक्यावर हात फिरवला. १२:०० निळी चड्डी, रडत होता, हसवला. फुकट का देतो? सराईत माणूस असाच पेरणी करतो. लठ्ठ गृहस्थ बराच वेळ माझ्याकडेच बघत होता. उद्या त्याच्यावरही लक्ष ठेवायचं.

ओळखपत्र फ्लॅटमध्ये गादीखाली लपवलं. समुद्रावर पाकीटमार असतात.

१६ जुलै, सकाळी १०:१५. समुद्रावर.
उम्म हातिम आणि दुहा पाण्यात. हातिम माझ्या ताब्यात. दोरी बंद केली, लोक बोलतात. त्याऐवजी वाळूत काठीने वर्तुळ काढून त्याला आत बसवलं. सांगितलं, ही रेघ आहे तोवर बाहेर पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, हो बाबा. आज्ञाधारक मुलाला दोरी लागत नाही.

१०:४०.
पांढरी टोपी, काचेची पेटी, होड्यांच्या घाटाच्या दिशेने. माल कुठून आणतो ते आज बघायचंच. हातिमला पाच मिनिटं बस म्हणून सांगितलं. वर्तुळ पक्कं आहे.

११:३०. घाटाजवळ, एका होडीमागे.
हा तो नव्हेच. याला सगळे दात आहेत. म्हणजे यांच्या टोप्या मुद्दाम सारख्या ठेवतात. परत निघतोय.

लांबून आरडाओरडा ऐकू येतोय. लेकरू हरवलंय हो, भल्या माणसांनो, लेकरू हरवलंय! एकाने म्हटलं की दुसरा उचलतो, छत्रीछत्रीतून आवाज पुढे सरकतोय. कुणाचं पोर असेल बिचारं. पोरं समुद्रावर सोडून बाप फिरायला जातात, त्यांना खरं तर आत टाकायला हवं.

दुपारी ४. फ्लॅट.
पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. अक्षर वाईट येईल.

छत्रीशी पोचलो तर हातिम नाही. वर्तुळही नाही. लाटेने पुसून टाकलं होतं. रेघ आहे तोवर म्हटलं होतं, आणि रेघ उरली नव्हती. पोराची काहीच चूक नाही. पाणी बघितलं आणि पुढचं काही सुचेना. मग शेजारच्या छत्रीतली एक म्हातारी म्हणाली, फाटका सदरा घातलेला का? तो तिकडे, बूथवर नेला.

धावलो. सापडलेल्या मुलांच्या बूथपुढे चाळीस-पन्नास माणसं जमलेली. मधोमध बय्यूमी. त्याच्या खांद्यावर हातिम, हातात फ्रेस्का, तोंडभर मध. मी हात पुढे केले. बूथवरच्या बाईंनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, थांबा उस्ताद, कोण तुम्ही? म्हटलं, बाप. ओळखपत्र? गादीखाली. मुलाला विचारलं, हे कोण रे बाळा? हातिमने ओठ घट्ट मिटले. नाव? नाही. आईचं नाव? मानसुद्धा हलवली नाही. माझा पोरगा. त्या क्षणी अभिमान वाटावा की गळा काढावा, कळेना.

बाई म्हणाल्या, मग तुम्ही सांगा आईचं नाव, माइकवर पुकारते, बाई आल्या की मूल तुमचं. चाळीस पुरुष कान टवकारून उभे. मी म्हणालो, उम्म हातिम पुकारा. बाई म्हणाल्या, समुद्रावर उम्म हातिम डझनभर असतील, नाव सांगा. म्हटलं, आमची मंडळी. त्या म्हणाल्या, मंडळी किती जणांची? लोक हसले. तेवढ्यात लठ्ठ गृहस्थ पुढे आला. म्हणाला, बाई, या माणसाला सोडू नका, हा काल दिवसभर दुर्बिणीतून दुसऱ्यांची पोरं बघत होता आणि वहीत लिहीत होता. एकाने वही ओढली आणि मोठ्याने वाचली. पिवळा फ्रॉक, मुलगी. निळी चड्डी, रडत होता. दोघांनी माझे दंड धरले. एक म्हणाला, आणि बघा पोराला कसले कपडे घातलेत, कुठून तरी उचललेलंच आहे.

नाव सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. एकच शब्द होता, आणि पोर चार हातांवर होतं. पण इतक्या परक्या कानांसमोर! आजोबांनी मरेपर्यंत आजीचं नाव घेतलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. माझं पोर परक्याच्या खांद्यावर आणि मी गप्प.

बय्यूमी म्हणाला, अरे सोडा त्याला, चेहरा बघा त्याचा, बापच आहे, असा पांढराफटक बापच पडतो. कुणी ऐकलं नाही.

मग गर्दी सारत ती आली. ओली, चप्पल एकाच पायात, मागे दुहा रडत. सरळ बाईंच्या हातातून माइक घेतला. साऱ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. मी इन्शिराह अब्दुल-मुगनी अल-दीब. हातिमची आई. हा माझा मुलगा, आणि तो पकडलेला माणूस माझा नवरा आहे, त्याला मारू नका, मीच बघते.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी मागून ओरडलं, जियो, इन्शिराह बाई!

हातिमला छातीशी धरलं तेव्हा मी रडलो. हे लिहिणं भाग आहे कारण सगळ्यांनी पाहिलंय.

वाटेत इन्शिराहने (आता लपवून काय उपयोग) त्याला विचारलं, हरवलास तर याच्याकडेच कसा गेलास रे, बाबांनी तर नको सांगितलं होतं ना? हातिम म्हणाला, रेघ गेली. मग मी सगळ्यांकडे बघितलं. इतकी माणसं होती आई, पण माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. फक्त मसवाला होता. त्याचा चेहरा मला पाठ होता.

म्हणजे पाठांतर करून घेतलं म्हणून पोर सापडलं. हे मी तिला सांगितलं. ती चालत राहिली.

१७ जुलै, सकाळी ९.
इन्शिराह मुलांना घेऊन समुद्रावर गेली, खालच्या बाईबरोबर. मला म्हणाली, तुम्ही आज घरीच थांबा. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तसंही फ्लॅटवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच. रिकामा फ्लॅट म्हणजे चोराला आमंत्रण.

दुपारी १.
बाल्कनीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीत संशयास्पद काही नाही.

संध्याकाळी ६.
आली. दुहाला पोहता येऊ लागलंय, चार हात. हातिमने तीन फ्रेस्का, दोन वाट्या खीर खाल्ली आणि किनाऱ्यावरच्या टपरीतलं पाणी प्यायलं. बय्यूमीच्या खांद्यावर बसून अर्धा किनारा फिरला. दोघांना ताप नाही, उलटी नाही, खरचटलंसुद्धा नाही. हातिम मला सगळं सांगत होता आणि मधेच थांबून म्हणाला, बाबा, आज फार मजा आली, तुम्ही पण घरी मजा केली ना?

हो म्हणालो.

दिवसभरात मुलांना काहीही झालं नाही. मी बरोबर नव्हतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसावा. तरी नोंद करून ठेवतो.