परवाची साक्ष

बाबा,

रविवारी उपासना सुटल्यावर नव्या पाळकसाहेबांनी मला थांबवलं. तरुण आहेत, हिंदीतच बोलतात. म्हणाले, "दीदी, आपके पिताजी की साक्षी के बारे में बहुत सुना है. शराब कैसे छोड़ी, एक दिन घर की सभा में सुनाइए ना." मी "बघते" म्हटलं आणि घरी आले. सगळी नोकरी वर्तमानपत्रात गेली, मागितलेला मजकूर वेळेवर द्यायची सवय आहे. हा मात्र देता येईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुमची साक्ष मला पाठ होती. आपण रायपूरजवळ बीरगावात राहायचो, तुम्ही सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात होता. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. सतरंजी, ढोलक, आत उकळणारा चहा. वचन वाचून झालं की पाळक विचारत, कोण साक्ष देणार, आणि सगळ्या माना तुमच्याकडे वळत. तुम्ही उभे राहून सांगायचात, की एका सकाळी रात्रपाळी संपवून पिऊन आलो, लेकीनं दार उघडलं, अन् मी माह्याच लेकराले विचारलं, "कोनाची पोट्टी होय वं तू?" इथे बायका पदरानं डोळे पुसत आणि वळून माझ्याकडे बघत. तो प्रसंग मला स्वतःला आठवत नाही. तुमच्या तोंडून ऐकून ऐकूनच तो माझा झाला. शेवट ठरलेला असायचा. "त्या दिवशी माहा देहस्वभाव, आतला तो जुना पापी मानूस, मेला. आता मी आत्म्यानं जगून राहिलो." मग आमेन, आमेन. कधी घाईत तुम्ही ते दार गाळलंत, तर मागून एखादी मावशी आठवण करून द्यायची, "भाऊ, दारातल्या पोट्टीचं सांगा ना!"

रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, सिलतऱ्यात धुराडी वाढली आणि तुमची बोलावणीही वाढली. मोठ्या घरांतून, हिंदीतूनसुद्धा. कारखान्यात तुम्हाला पादरी म्हणत. "का पादरी, आज किसको बचाया?" तुम्ही हसून सोडून द्यायचात. मग आजी गेली. अमरावतीकडे जाऊन तुम्ही तिला माती देऊन आलात, आणि त्यानंतर केव्हातरी पुन्हा प्यायला लागलात. रोज नाही, अधूनमधून. आईला शर्ट धुताना वासावरून कळलं. ती मला काही बोलली नाही, तुम्हीही नाही. बोलावणी येत राहिली आणि तुम्ही जुनी साक्ष देत राहिलात. त्या दिवसांत तुम्ही किती एकटे असाल, हे मला आता कळतं. पडलेल्या माणसासाठी मंडळी असते असं आपण म्हणतो. उठलेला माणूस पुन्हा पडला तर त्यानं कुठे बसायचं, हे तिथे कुणी ठरवलंच नव्हतं.

मग समता कॉलनीतून एका सभेचं बोलावणं आलं, माझ्यासाठी आलेल्या स्थळाच्या घरून. मुलाच्या आईनंच आग्रह धरला होता, की होणाऱ्या व्याह्यांची साक्ष आमच्या लोकांनीही ऐकावी. त्या दुपारी आपल्या स्वयंपाकघरात काय झालं ते आईनं मला फार पुढे सांगितलं. आज खरं सांगणार, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती म्हणाली होती, "आज जाऊ नका. ताप हाय म्हनून सांगते मी."

"काहून खोटं बोलतं?"

"मंग जा, पन जुनंच सांगा. पोट्टीच्या लग्नाचं हाय. एक दिवसानं काय होते?"

"इतके दिवस एक एक दिवसच केलं ना मी," तुम्ही म्हणालात आणि चप्पल घातलीत.

त्या सभेत तुम्ही उभे आहात, खाली सतरंजीकडे बघत. मागून आपल्यातली एक मावशी हळूच आठवण करून देते, "भाऊ, दारातल्या पोट्टीचं." तुम्ही म्हणता, "ते जुनं झालं, बाई. परवाचं सांगतो. परवा मी दारू पेलो." कोपऱ्यात एक आजोबा आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. ते सवयीनं मोठ्यानं म्हणतात, "आमेन!" कुणी हसत नाही. तुम्ही सावकाश पुढे बोलता, "देहस्वभाव मेला, मेला म्हनून सांगत होतो मी. मेलेल्यावर कोन पहारा ठेवते? तो तं घरातच बसून होता. माह्यासाठी प्रार्थना करा." प्रार्थना झाली नाही. पाळकांनी घाईनं गीत धरलं, ढोलकवाल्याला ताल सापडेना. नंतर चहा आला. मुलाची आई माझ्या हातात बशी देत म्हणाली, "बेटा, हम फोन करेंगे." फोन आला नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुमचा आत्मा मोकळा झाला. पोट्टीचा संसार गेला." तुम्ही म्हणालात, "हव."

माझं लग्न झालं, उशिरा, आणि बरं झालं. तुम्हाला मात्र पुन्हा कुणी साक्षीला बोलावलं नाही. तुम्ही दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसत राहिलात. मधे आणखी दोनदा पडलात, आणि दोन्ही वेळा स्वतःच आईला सांगितलंत. सकाळी डबा घेऊन निघताना काहीतरी पुटपुटायचात. काय म्हणता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "आजचं मागून राहिलो. उद्याचं उद्या." आत्म्यानं जगणं म्हणजे देहस्वभाव मागे टाकून पुढे निघून जाणं, असं मला तोवर वाटायचं. तुम्ही तर शेवटपर्यंत त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहिलात, भांडखोर भावाबरोबर राहावं तसे, त्याचं ऐकायचं नाही एवढं रोज नव्यानं ठरवत.

आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या शवपेटीसमोर पाळकांनी जुनीच साक्ष सांगितली. त्या सकाळपासून यांनी थेंबाला हात लावला नाही, असं म्हणाले. सगळे आमेन म्हणाले. आईही म्हणाली. घरच्यांना हलकं वाटावं म्हणूनच ते बोलले, मला कळत होतं. पण "परवा मी दारू पेलो" हे तुम्हाला एवढं महाग पडलेलं वाक्य मातीत तुमच्या आधीच गेलं.

आता मला विचारलंय. सांगायचं तर परवाचं सांगावं असं वाटतं, आणि मग आई दिसते. ती अजून पुढच्या रांगेत बसते, जुनी साक्ष कुणी काढली की मान ताठ करते. तिच्याकडून ती काढून घ्यायची का, हे तुम्ही असता तर विचारलं असतं. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून एक लिहून टाकते. माझा तुमच्यावर राग आहे, अजून. स्थळ मोडलं त्याचा नाही. त्या घरात बोलण्याआधी तुम्ही मला एकटीला सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतंत, तर मी "सांगा, बाबा" म्हटलं असतं, असं मी इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी "आज नको" म्हटलं असतं.