ढोरांच्या डॉक्टरचा तास

६ जुलै, शनि.
आजपासून दर शनिवारी हायस्कूलवर एक तास. प्राचार्य स्वतः दवाखान्यात आले होते. बारावी सायन्सच्या पोरांना व्हेटरनरीची माहिती द्या, म्हणाले. गावात लेडी डॉक्टर असून उपयोग काय? इथल्या जनावरांच्या दवाखान्यात आल्यापासून माझा काही उपयोग असेल असं पहिल्यांदाच कोणी बोललं. हो म्हटलं.
वर्गात विचारलं, व्हेटरनरीला कोणाला जायचंय? एकही हात नाही. एक जण म्हणाला, "एमबीबीएसले नंबर नाही लागला तं जाऊ." मागून कोणी तरी हंबरलं. खिडकीजवळच्या मुलीचा हात अर्धा वर आला होता, तो तिने वेणीकडे नेला.

२० जुलै, शनि.
खिडकीजवळची ती वैष्णवी. आई बाजारात भाजी विकते, घरी शेळ्या. तासानंतर थांबली. "मॅडम, पिल्लू आडवं असलं तं हात घालून सरळ करता येते काय?"
येतं. पिशवीत रुमालाचं पिल्लू करून घातलं, एक पाय मागे दुमडला. तिने डोळे मिटून शोधला, पुढे आणला. हात लहान, बोटं लांब. मला हेवा वाटला. बायोलॉजी उत्तम, फिजिक्स कच्चं. फिजिक्सचं मी काय करणार…

१० ऑगस्ट, शनि.
शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, गावातले सगळ्यात मोठे शेतीवाले. सकाळी त्यांच्या घरून फोन, गाय अडली. म्हटलं पोरांना बघायला मिळेल, वर्ग घेऊनच गेले.
वासराची मान मागे वळलेली. हातमोजा चढवला, तर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमी बाजूले बसा, चहा घ्या. हे बायांचं काम नाही." आमच्या दवाखान्याचा शिपाई गजानन, त्याला म्हणाले, तू घाल हात. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यांनी खाजगीवाल्याला बोलावलं, डिग्री नसलेल्या. आल्या आल्या त्याने दोरी लावली, चार माणसं ओढायला. मी म्हटलं, आधी आत ढकला, मान सरळ करा, मग ओढा. दोनदा म्हटलं. तो म्हणे, "होते मॅडम, होते."
वासरू मेलं. गाय आतून फाटली, टाके मलाच घालावे लागले. टाके घालायला मात्र 'बायांचं काम नाही' हे आड आलं नाही.
पोरं सगळं बघत होती.

१७ ऑगस्ट, शनि.
आज निम्मा वर्ग. जनावराचं तापमान कसं घ्यायचं ते शिकवलं. वैष्णवी थांबली.
"मॅडम, तुमाले राग नाही आला?"
"आला."
"मंग बोलल्या काऊन नाही?"
"बोलले ना. कोणी ऐकलं नाही."
वही मिटत म्हणाली, "मंग आमाले काऊन म्हणता का व्हेटरनरीले जा?"
उत्तर दिलं. नोकरी, पगार, जागा रिकाम्या वगैरे. सगळं खरं. तिला ते विचारायचं नव्हतं.

२९ ऑगस्ट
वैष्णवीची आई दवाखान्यात. शेळीच्या जंताचं औषध मागितलं, पण बसूनच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पोरीच्या डोक्यात नका भरवू. नर्सिंगले गेली तं चालते. उद्या पाहुण्यांनी इचारलं पोरगी काय करते, तं ढोराची डॉक्टर सांगू काय?"
मी म्हटलं, डॉक्टर ती डॉक्टरच.
"तुमचं लगन झालं काय?"
नाही म्हटलं. औषध घेऊन गेली.
माझ्या आईला मेहकरला फोन करणार होते. केला नाही. ती पण तेच विचारते.

५ सप्टें.
शिक्षक दिन. शाळेत माझा सत्कार, शाल-नारळ. अध्यक्षांच्या हस्ते. भाषणात म्हणाले, आमच्या गावाले लेडी डॉक्टर लाभल्या हे आमचं भाग्य, मुलींनी आदर्श घ्यावा. टाळ्या. फोटोसाठी हसा म्हणाले, हसले. गाय कशी आहे विचारलं, तर म्हणे इकली. शेवटच्या ओळीत वैष्णवी. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं केलं.

२४ सप्टें., मंगळ.
सोनाळ्याहून लसीकरण करून दुपारी आले, तर दवाखान्यासमोर ऑटो. वैष्णवी, तिची आई, आणि सकाळपासून कळा देणारी शेळी. माझा हात जाईना. वैष्णवीला म्हटलं, साबणाने कोपरापर्यंत धू. आई म्हणाली, ती काऊन? मी म्हटलं, शेळी पाहिजे की नको. आईने शेळीचं डोकं धरलं.
"गुडघा लागून राह्यला, मॅडम." दुमडलेला पाय घाई न करता पुढे आणला तिने. पहिलं पिल्लू मेलेलं. दुसरं जिवंत. तिने नाक पुसलं, तोंडातली लाळ काढली, मला न विचारता.
आई रडली जराशी. जाताना ऑटोत शेळी चढवून परत आली. वाटलं…
"मॅडम, हिनं हात घातला हे कोणाले सांगू नका."

२८ सप्टें., शनि.
प्राचार्य म्हणाले, तासाला मुलं कमी होताहेत, दिवाळीनंतर बघू.
वैष्णवी आली होती. शेळी बरी, पिल्लू पितं. नर्सिंगचं घरी पक्कं झालं का विचारलं, तर म्हणे, "नीटच्या परीक्षेले बसू देतात. पुढचं पुढं." मग दप्तराचा पट्टा ओढत, "तुमची बदली हाय म्हणतात. खरं काय?"
बदलीचा अर्ज मीच दिलाय, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी. जिल्ह्याच्या ऑफिसात, टेबलाचं काम मागितलंय.
"ऑर्डर आली नाही," म्हटलं. खोटं नाही.
"मंग शनिवारी येऊ?"
ये म्हटलं.