तपकिरी कव्हरांतली माझी पुस्तके

मी, सौ. सरला उखा भामरे, वय एक्कावन्न, मराठी प्राथमिक शाळेतील शिक्षिका, राहणार लिंबायत, सुरत, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या पोटातील गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण कागदावर सही मात्र आधी घेतात. म्हणून मीही माझी सही आधीच करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरण तर नको तितके शाबूत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या पश्चात याप्रमाणे वागावे.

१. लिंबायत येथील दोन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतले. माझे पती श्री. उखा धुडकू भामरे यांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांना कोणी बाहेर काढू नये, अगदी आमच्या मुलानेही. त्यांच्यानंतर घर मुलगा हर्षल याचे होईल. हर्षलला कामरेजला फ्लॅट घ्यायचा आहे, त्यासाठी हे घर विकावे असे तो दोनदा बोलला आहे. वडील असेपर्यंत त्याने तो विषय काढू नये.

हे कलम वाचून लोक म्हणतील, सरलाबाईंनी नवऱ्याला माफ केले. तसे नाही. कसे ते पुढे येईल.

२. शिलाई मशीन आणि स्टीलचे कपाट होणाऱ्या सुनेला द्यावे, ती कोणीही असो. माझ्या दोन पाटल्या शेजारीण कलाबाई हिला द्याव्यात. भामरे मंडळींपैकी कोणी हरकत घेतली, तर त्याला पुढचे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

३. १९९४ सालच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची हाकाटी उठली. लूमची खाती, म्हणजे कापडाचे कारखाने, बंद पडली, गल्लीतली कुलुपे वाढत गेली, जो तो स्टेशनकडे धावू लागला. त्याच वेळी मला ताप भरला. मी कॉटवर पडून होते. हर्षल तेव्हा वीस वर्षांचा होता. दारात बॅग घेऊन उभा राहून तो म्हणाला, "आई, तापात तुला गाडीत चढू देणार नाहीत. बरं वाटलं की मागून ये."

 यांनी माठ भरला, उशाशी आणून ठेवला, वर पेला पालथा घातला आणि दोघे गेले.

दुसऱ्या दिवशी कलाबाईने दार ढकलून पाहिले. तोंडाला लुगड्याचा पदर बांधून तिने मला उचलले आणि विनवण्या करून एका रिक्षात घातले. दवाखान्यात नर्सने विचारले, "बेन, तमारे घरे कोण छे?" मी म्हटले, घरी कोणी नाही. खोटे बोलले असे मला तेव्हा वाटले नाही. पुढे तो ताप मलेरियाचा निघाला.

सगळे परतले तेव्हा हेही परतले, गावाकडच्या मिरच्यांची पिशवी घेऊन. शाळा उघडल्यावर सोबतच्या शिक्षिका मंदाबाईंनी विचारले, "तुम्ही कुठे होतात?" मी म्हटले, "गावी. आम्ही सगळेच गेलो होतो." मंदाबाई, तुम्ही या कागदावर साक्षीदार आहात, म्हणून आज खरे सांगते. टाकून गेलेल्यांना किती लाज वाटते ते मला ठाऊक नाही. जिला टाकून गेले तिला फार वाटते. आपल्यातच काही कमी असेल, म्हणून तर माठ भरून निघून जाता आले, असे मन सारखे म्हणत राहते. फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा आणि वर्ग वाट पाहत बसायचा.

४. आता पुस्तके. एका लग्नाला नंदुरबारला गेले असता स्टेशनवरच्या टपरीत एक पुस्तक दिसले. मनाच्या जखमा कशा भराव्यात, स्वतःवर माया कशी करावी, असल्या विषयाचे. टपरीवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "ताई, कोणासाठी?" मी म्हटले, "मुलीसाठी." मला मुलगी नाही.

घरी आणून त्याला तपकिरी कागदाचे कव्हर घातले आणि वर लिहिले, 'इतिहास, इयत्ता चौथी'. नंतर आणखी आणली. भूगोल झाला, गणित झाले, परिसर अभ्यास झाला. माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला आपले मन दुरुस्त करायला पुस्तक लागते, हे कोणाला कळू नये एवढीच धडपड होती. एका पुस्तकात रोज आरशासमोर उभे राहून 'मी मायेला पात्र आहे' असे म्हणायला सांगितले होते. एकदा मी तसे म्हणत असताना हर्षल आत आला.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"कविता पाठ करतेय. उद्या शिकवायची आहे."

त्याने ते वडिलांना सांगितले, वडिलांनी आपल्या लूमच्या खात्यावर. दोन दिवसांनी गल्लीतला एक जण मला ऐकू जाईल असे म्हणाला, "मास्तरीण आरशाशी बोलते." त्या माणसाचे नाव मी लिहीत नाही. पण माझ्या तेराव्याला त्याला पंगतीत बोलावू नये.

त्यानंतर आरसा मी कपाटाच्या आत टांगला.

५. पुस्तक हातात असताना मला रडताना पाहिले ते कलाबाईने. तिला वाचता येत नाही. दारातच बसून ती म्हणाली, "बाई, काय वाची राह्यनी? माले बी सांग ना." मी इतिहासाचे पान तिला वाचून दाखवले.  ती म्हणाली, "हे तर मनंच लिहेल शे." म्हणजे, हे तर माझेच लिहिले आहे. पुढच्या शनिवारी तिने आणखी दोघींना आणले. शाळा सकाळची असल्याने शनिवारची दुपार ठरून गेली. पुस्तकात म्हटले होते की कोणी रडले तर रडू द्यावे, मध्ये पडू नये. कलाबाईने हा नियम कधी पाळला नाही. कोणाचा आवाज भरून आला की ती चहा टाकायला उठायची.

माफीचा धडा मी त्यांना कितीदा तरी वाचून दाखवला. "तुम्ही केलं का माफ?" असे एकीने विचारले तेव्हा मी म्हटले, "हो, केव्हाच." मनात मी यांच्यासाठी बचाव तयार ठेवला होता. मला इतका ताप आहे हे यांना कळले नसेल, कळले असते तर हे गेले नसते.

शनिवारी हे बाहेर ओट्यावर बसून असायचे. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी तोच धडा चालू होता. ज्याने दुखावले त्याला मनात समोर बसवा, असे मी वाचत होते. हे उठून आत आले. बायकांनी पदर सावरले.

"मी आठेच शे," हे म्हणाले. मी इथेच आहे. मग आमच्या बोलीत पुढचे सांगितले, ते मी लेखी भाषेत उतरवते. "त्या वेळी मी पोराला गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलो होतो. नाक्यापर्यंत. हिला कलाबाई रिक्षात घालत होती. हिची मान लुळी पडली होती. मी पानाच्या बंद टपरीमागे उभा राहिलो. रिक्षा गेली. मग मी पुन्हा स्टेशनावर गेलो."

 माझा बचाव तिथेच संपला. यांनी मला पाहिले होते. त्यांच्यावर राग येण्याआधी मला लाज आली ती त्या बायकांची, ज्यांना मी 'केव्हाच' म्हटले होते. मी पुस्तक मिटले आणि म्हटले, "आजचं वाचन संपलं."

सगळ्या गेल्यावर कलाबाई मागे राहिली. म्हणाली, "माफ नको करू. पन त्याले जेवाले बलाव. सकायपासून उपाशी शे." मी ताट वाढले. आम्ही जेवलो. त्या विषयावर पुढे बोललो नाही.

काही आठवडे मी शनिवारी दार लावून घेतले. तोंड दाखवावेसे वाटेना. मग एका शनिवारी त्या सगळ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि आपापसात बोलू लागल्या, तेव्हा उघडावेच लागले. त्या दिवशी मी त्यांना सांगितले की मी माफ केलेले नाही, आणि होईल असेही दिसत नाही. एकजण म्हणाली, "मग माझी माफीही लांबू द्या." पहिल्यांदाच त्या खोलीत सगळ्या हसल्या.

६. ही सर्व पुस्तके मी कलाबाईला देते. ती कोणाकडून वाचून घ्यायची हे तिने ठरवावे. शनिवारी दुपारी पुढची खोली या बायकांना मोकळी ठेवावी, ही हर्षलला घर देण्याची अट समजावी. पुस्तकांवरची कव्हरे काढून टाकावीत.

७. हर्षल, त्या दिवसाबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मीही तुला बोलू दिले नाही. तू वडिलांमागे गेलास, त्या वयात मुले जातात. तुझ्यावर माझी तक्रार नाही. पण तुझ्या बायकोला ताप आला, तर कॉटजवळ बसून राहा.

८. हा मसुदा वकीलसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, तिसरे आणि पाचवे कलम काढा, त्यांची कायद्याला गरज नाही आणि घरची अब्रू जाईल. मलाही ते पटले. लिहिताना दोन वेळा माझा हात मागे आला होता. घरी येऊन ती पाने वेगळी काढली. फाडण्यापूर्वी यांना एकदा वाचून दाखवावीत असे वाटले. हे खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी विचारले, "काढून टाकू ना?"

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोऱ्यानं वाचाले पाहिजे."

म्हणून दोन्ही कलमे जशीच्या तशी ठेवली आहेत.

ठिकाण : लिंबायत, सुरत
दिनांक : १२ एप्रिल १९९८

लिहून ठेवणार : सरला उखा भामरे (सही)

आम्ही खाली सही करणार सांगतो की सौ. भामरे यांनी वरील मजकूर वाचून, समजून, आमच्या देखत सही केली, व आम्हीही त्यांच्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार : मंदा वामन शिरसाठ, शिक्षिका (सही)
साक्षीदार : धुडकू नथू बडगुजर, शेजारी (सही)

टीप : पाने ठेवावीत याला आपली संमती आहे म्हणून पती श्री. उखा भामरे यांनी स्वतःची सही घेण्याचा आग्रह केला. त्यांना यात हक्क मिळत असल्याने साक्षीदार म्हणून ती घेता येत नाही, असे त्यांना समजावले. तरी ते सह्या होईपर्यंत शेजारी उभे होते.