मेंढीकडे पाठ करून

अप्पा, मी कलघटगीच्या शेतावरच्या शेडमध्ये पेंडीच्या पोत्यावर बसले आहे आणि माझी पाठ एका मेंढीकडे आहे. यंदाची ही शेवटची. बाकीच्या सगळ्या व्यायल्या, हिचंच राहिलंय. सकाळपासून पुढच्या पायाने जमीन उकरतेय, बसते, उठते, गोल फिरून परत तिथेच बसते. आणि मी तिच्याकडे बघत नाहीये, कारण अशा वेळी बघायचं नसतं हे तुम्ही मला शिकवलंत. नुसतं बसून राहणं मला कधीच जमलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे. म्हणून नातीने इथे टाकून दिलेले चित्रकलेचे कागद घेतले, पाठकोऱ्या बाजूने तुम्हाला लिहायला बसले. पत्र्यावर पाऊस वाजतोय. लाईट गेलीय, म्हणजे तुमच्या जावयांनी मोठ्या हौसेने बसवलेला कॅमेराही बंद. या घडीला तिच्याकडे कुणीच बघत नाहीये.

तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. मुलगी धारवाडात मास्तरीण झाली, सूनबाई म्हणून वकिलाच्या घरी गेली, तिचा आणि शेणामुताचा संबंध संपला, असं समजून तुम्ही गेलात. निवृत्त झाल्यावर शेतावर राहायची कल्पना ह्यांची, मेंढ्यांची माझी. थोड्याच आहेत, काळ्या दख्खनी. आणि या मागच्या मेंढीबद्दल आधी सांगते, कारण आज जे काही आहे ते तिचं आहे. गेल्या वर्षी तिचं कोकरू मेलेलंच बाहेर आलं. त्या दिवशी ह्यांचे कोर्टातले मित्र सहकुटुंब शेत बघायला आले होते. मेंढी व्यायला झालीय म्हटल्यावर सगळे कुंपणाशी जमले, मुलांना उचलून दाखवणं चाललं, मोबाइल निघाले. तिने दिवसभर अडवून धरलं आणि अखेर अंधार पडताना जे व्हायचं ते झालं. शेजारच्या शेतात मेंढपाळाचं घर आहे. त्या घरातल्या बाईंना मी अक्का म्हणते आणि त्याही मला अक्काच म्हणतात. त्या म्हणाल्या, "हिच्या पोटी मरी ऱ्हात नाही, अक्कारं. अमरगोळला नेऊन द्या बघा." कोकराला त्या मरी म्हणतात. अमरगोळच्या बाजारात असली मेंढी कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे तुमच्या मुलीला सांगावं लागत नाही. मी एक वर्षाची मुदत मागून घेतली. यंदाही तसंच झालं तर तिला पाठवायचं, असं मी कबूल केलंय. अक्का शब्द विसरत नाहीत, आणि खरं म्हणजे चारा-खुराकाचा विचार करता त्यांचं काही चूकही नाही.

आता तुम्ही विचाराल, भर पावसात का व्यायला लागल्या. हा प्रश्न तुम्ही नक्की विचाराल, आणि चष्मा कपाळावर ढकलून विचाराल. त्याचं उत्तर तुमचे जावई. तुम्हीच मला तेव्हा समजावलं होतंत, तुमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर, मी चौथीत की पाचवीत असताना. मी विचारलं होतं, मेंढीने केव्हा व्यायचं हे कोण ठरवतं. तुम्ही म्हणालात, पाऊस पडतो, गवत उगवतं, ते कोवळं गवत खाऊन मेंढी अंगाने भरते आणि माजावर येते, तिथून पाच महिने मोजायचे. कडक उन्हाळा असला, लांबची चाल पडली, चारा तुटला, की गाभ धरत नाही, धरला तरी टिकत नाही. मी म्हटलं, म्हणजे कोकराचा जन्म आभाळात ठरतो. तुम्ही म्हणालात, "आभाळात, गवतात आणि एडक्याच्या फडक्यात." तिसऱ्या गोष्टीला मी हसत सुटले होते. एडक्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधून त्याला हवं तोवर आवरून ठेवायचं, ही आपल्या भागातल्या मेंढपाळांची जुनी युक्ती. पावसाळा लागला की फडकं सोडायचं, म्हणजे कोकरं दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत येतात.

आमच्या एडक्यालाही अक्कांनी शिस्तीत फडकं बांधलं होतं. यंदा चैत्रातच दोन-तीन दमदार पाऊस झाले, रानात हिरवं आलं, मेंढ्या वेळेआधी माजावर आल्या. एडका बिचारा आडवा-उभा धावतोय आणि फडकं घासून त्याला जखम झालेली. हे बघून आमच्या वकीलसाहेबांचं मन द्रवलं. कुणाला न विचारता त्यांनी त्याला जामीन दिला. जखमेला हळद लावली आणि मोकळा सोडला. संध्याकाळी मोठ्या समाधानाने मला सांगायला आले, किती शांत झालाय बघ आता. अक्कांनी ऐकलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. म्हणाल्या, "शांत हुईल की री. भादव्यात मरी कुठं ठिवणार, साहेब, तुमच्या कपाटात?" हे इतके ओशाळले की शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री, खाली विटांचा उंच ओटा, भाताचा पेंढा, सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. दोन कोकरं गारठ्याने गेलीच. बाकीची सगळी आहेत, शेजारच्या कप्प्यात एकमेकांच्या अंगावर चढून झोपलीत.

ती जगली त्यात तुमचाही हात आहे. आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवार आहे, आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही दारातून आत येता आणि तुमच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे. आई आधी तुमच्याकडे बघते, मग पोत्याकडे. "इथं नाही हं. इथं मी अन्न शिजवते," असं म्हणते आणि म्हणता म्हणताच तवा उतरवून चुलीपुढची जागा मोकळी करते. तुम्ही कोकराला पुसून पुसून कोरडं करता, त्याच्या तोंडात बोट घालून बघता, तोंड गार आहे म्हणता. मला चीक कोमट करायला लावता. ते कोकरू आईच्या जुन्या लुगड्यात दिवसभर चुलीजवळ होतं आणि संध्याकाळी त्याने आईच्या पिठाच्या परातीत पाय घातला. यंदा भाद्रपदात मी तेच केलं, फक्त चुलीच्या जागी ह्यांचा अंघोळीचा बंब. बोट तोंडात घालून बघायची सवय तर इतकी लागलीय की परवा नात शिंकली तेव्हा माझा हात तिच्या तोंडाकडेच गेला.

आणि तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही मला ओरडलात. आपण तंबूरच्या बाजूला एका शेतात गेलो होतो, तिथे कळप खतासाठी बसवलेला होता. एक मेंढी अडली होती. मला तुम्ही वाढदिवसाला दिलेले रबरी बूट घालायची फार घाई झाली होती. मी फ्रॉक मागितला होता, तुम्ही बूट आणलेत, आणि आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तर मी त्या बुटांत ऐटीत उभी, घडोघडी मेंढीची शेपटी उचलून बघतेय. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती काय परीक्षेला बसलीय? आणि तू सुपरवायझर?" मेंढपाळ हसले. मग तुमचा आवाज चढला. "कुणी बघायलंय म्हटल्यावर ती कळ दाबून धरते. लांडगा बघत असताना व्यायचं नाही, हे तिच्या रक्तातच आहे. तुझ्यात आणि लांडग्यात तिला काय फरक? बाहेर जा आणि पाठ करून बस." मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडत बसले. थोड्या वेळाने तुम्हीही आलात, माझ्या शेजारी बसलात, मेंढीकडे पाठ करून. खिशातून शेंगा काढल्यात. आपण शेंगा खात बसलो आणि तुम्ही माझ्याशी मेंढी सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललात. त्या बोलण्यातलं मला काही आठवत नाही. एवढ्या माणसांसमोर जिला ओरडलात तिच्याजवळ येऊन बसावं, असं तुम्हाला वाटलं, हे मात्र मला आयुष्यभर पुरलं. शाळेत ज्या ज्या मुलाला मी ओरडले, त्याच्याजवळ नंतर जाऊन बसले. ते मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही.

तुमच्याबद्दल आणखी एका गोष्टीची मला कृतज्ञता वाटते, आणि ती मी तुम्हाला समोर कधी बोलून दाखवली नसती. तुम्ही 'बहुतेक' म्हणायचात. मेंढपाळ छातीठोक सांगायचे की वारा फिरला, आभाळ दाटलं, की कळपातल्या मेंढ्या पटापट वितात. त्यांनी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचात, मला खात्री नाही, पण वारा फिरला की मी बूट घालून बसतो. रात्री-अपरात्री उठून दमलेल्या एका मेंढपाळणीला तुम्ही सांगितलं होतंत की दिवसाचा मोठा चारा सकाळी देण्याऐवजी संध्याकाळी देऊन बघ, जास्त कोकरं दिवसा येतील, बहुतेक. ते आठवून यंदा मी तसं केलं. अक्कांना पटलं नव्हतं. "चारा बघून कुनी वितंय व्हय?" असं म्हणाल्या. सगळ्या काही दिवसा व्यायल्या नाहीत, पण बऱ्याच व्यायल्या. परवा अक्कांनी त्यांच्या स्वतःच्या कळपाचा चारा गुपचूप संध्याकाळवर नेलेला मी बघितला. डॉक्टर असून 'बहुतेक' म्हणणारा माणूस मला तुमच्यानंतर फार क्वचित भेटला. तुमच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलातले सगळे अगदी खात्रीने बोलत होते, तेव्हा मला तुमचा तो शब्द फार आठवला.

पाऊस जरा उतरलाय. मघाशी अक्का घोंगडं पांघरून दाराशी आल्या, मला अशी पाठमोरी लिहिताना बघून थबकल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मेंढीकडे एक नजर टाकली, मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही, आणि "सुम्न कूडरी, गप बसा," असं हळूच म्हणून परत गेल्या. हे घराच्या अंगणात येरझाऱ्या घालतायत, ताडपत्रीच्या फटीतून त्यांची छत्री इकडून तिकडे जाताना दिसते. त्यांना आत यायची बंदी आहे.

मागचं उकरणं थांबलंय. बऱ्याच वेळापासून थांबलंय, अप्पा. एक लांब कण्हल्यासारखा आवाज झाला, मग पेंढ्यावर काहीतरी ओलं पडलं, मग काहीच नाही. गेल्या वर्षीही असंच काहीच नव्हतं. अक्षर बघा कसं आलंय, तुम्ही लाल शाईने दुरुस्त केलं असतंत. चाटण्याचा आवाज येतोय. पण मेलेल्यालाही त्या चाटतात.

आता ती बोलतेय. ओरडत नाहीये, तोंड मिटून घशातल्या घशात, अगदी खालच्या सुरात, पुन्हा पुन्हा. आणि मधेच एक बारीक, फाटका, चिडलेला आवाज तिला उत्तर देतोय.

अप्पा, एक सांगू? इतकी कोकरं या हातांनी पुसली, पण मेंढी आपल्या कोकराशी पहिल्यांदा काय बोलते, ते मी आजवर कधी ऐकलंच नव्हतं. दर वेळी तिथे मीच बोलत असायचे. उठून ह्यांना सांगायला हवं, अक्कांना हाक मारायला हवी, चीक पाजायला हवा. पण मी हलले तर ती गप्प होईल. थोडा वेळ अशीच बसते.